आप्पांच्या राजाची उडी

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी एकानं तरी दुधनीच्या मार्केट यार्डात दुपारचं येऊन बसायला हवं होतं, असं मला त्या उन्हाळ्यात रोज वाटायचं. बसला असता तर त्याला कळलं असतं, की बुद्धिबळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं पहिल्या चालीलासुद्धा एकच घर जातं. आणि समोरच्याचं सगळं मरून नुसता राजा उरला, की डाव बरोबरीत सुटतो, त्याला बुर्जी म्हणायचं. झालं, एवढंच. तीन नियम! पण ते पचवेल असं एक सॉफ्टवेअर मिळेना, आणि माझा अख्खा उन्हाळा त्यात जळाला.

हे नियम माझ्या वडिलांचे. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पा दुधनीच्या यार्डात तोलार होते, म्हणजे धान्याची पोती काट्यावर घालून वजन करणारे. सकाळी माल यायचा, दुपारी सामसूम, मग आडत्याच्या पत्र्याखाली पट मांडला जायचा. निम्मी बडबड कानडीत, निम्मी मराठीत, आणि डाव देशी. आप्पांना हरवणारा त्या यार्डात कोणी नव्हता, हे मी मुलगा म्हणून सांगत नाही, तिथले म्हातारे अजून सांगतात. आई गेल्यावर मी त्यांना सोलापूरला आणलं. माझं काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात. कॉम्प्युटरवर मोर, कमळ, हॉटेलांची नावं काढायची आणि ती जेकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या लूमला कळतील अशी करून द्यायची. थोडंफार प्रोग्रॅमिंग मी तिथंच शिकलो.

गणपतीत आमच्या सोसायटीनं बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. आप्पांनी स्वतःहून नाव दिलं. धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून मंडपात बसले. समोर एक रिटायर झालेले साहेब होते. दहा-बारा चाली झाल्या आणि आप्पांच्या राजानं उडी मारली. साहेब म्हणाले, "आजोबा, हे काय? राजा असा जातो होय?" आप्पा म्हणाले, "एकदा जातोय की." लोक हसले. सेक्रेटरी मोबाईल काढून नियम वाचायला लागले. आप्पांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं, आणि मी, त्यांचा मुलगा, सगळ्यांसमोर म्हणालो, "आप्पा, तसं चालत नाही."

आप्पा उठले, घरी आले, आपला बोर्ड कापडात गुंडाळून माझ्या बायकोला म्हणाले, "वर टाक ह्ये." तिनं कपाटावर ठेवला. त्या दिवसापासून आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या टाकीकडं बघत बसायला लागले. बायको मला म्हणाली, "तुम्ही बोलायला नको होतं." मी म्हणालो, "मग काय खोटं बोलू?" पण आतून मला माहीत होतं, की घाण मी केलीय आणि निस्तरायचीय मलाच.

आता दुसरा एखादा माणूस माफी मागून मोकळा झाला असता. मी माफी मागितली नाही. मी ठरवलं, की आप्पांच्या नियमानं खेळणारा कॉम्प्युटर तयार करायचा. त्याला राजाची उडी मान्य असेल, तो हसणार नाही, आणि तो बघून आप्पा कपाटावरचा बोर्ड खाली काढायला सांगतील. एवढंच मला पाहिजे होतं, बोर्ड खाली यायला पाहिजे होता.

बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, ज्याला इंजिन म्हणतात, तो साधासा लिहायला फार अवघड नसतो. संक्रांतीपर्यंत माझं इंजिन चालायला लागलं. तीन-चार चालींच्या पुढचं त्याला दिसत नव्हतं, पण उडी मारत होतं. लिहिताना एक शंका आली. राजाला शह बसून गेला, तरी नंतर उडी चालते का? मी गॅलरीत जाऊन आप्पांना विचारलं. ते टाकीकडं बघतच म्हणाले, "मला काय इचारतूस? चालत न्हाय म्हणलास की." मी आत आलो. मग बायकोनं चहा नेऊन दिला आणि तिनं विचारलं, "मामा, शह बसल्यावर उडी चालते का हो?" तर लगेच उत्तर, "न्हाय. एकदा शह बसला की उडी मेली." तेव्हापासून आमच्या घरात नियम चहाच्या कपाबरोबर यायला लागले.

माझ्याकडं इंजिनाच्या पाच आवृत्त्या झाल्या होत्या. एक धाडसी, एक भित्री, एक प्यादी जपणारी, अशा. त्यातली आप्पांपुढं कुठली ठेवायची? आप्पांचा स्वभाव मला माहीत. एकदाच बसतील. समोरचा लिंबूटिंबू निघाला की उठतील, आणि मग बोर्ड पुन्हा खाली येणार नाही. म्हणजे सगळ्यात चांगली आवृत्ती हुडकायला पाहिजे. एक-दोन डावांवरून ते कळत नाही, पाची जणांना एकमेकांशी शेकड्यांनी डाव खेळवावे लागतात. ते खेळवायला, निकाल नोंदवायला तयार सॉफ्टवेअरं मिळतात. इंटरनेटवर लोक घरबसल्या इंजिनांच्या स्पर्धा भरवतात, अगदी गावजत्रेतल्या कुस्त्यांसारख्या. मला वाटलं, हे तर सोपं काम. एक उतरवून घ्यायचं, सुरू करायचं, संध्याकाळी निकाल बघायचा. कप्पाळ माझं!

पहिलं सॉफ्टवेअर बघायला देखणं. लाकडी पट, सोंगट्यांना सावली, वर घड्याळं. मी सकाळी स्पर्धा लावून कामावर गेलो. दिवसभर लूमच्या खडखडाटात मनात एकच, कोण जिंकलं असेल. घरी येऊन बघतो तर शंभर डाव संपलेले आणि एकाही डावात मात नाही. सगळ्या डावांपुढं लाल अक्षरात एकच, बेकायदा चाल. ज्याच्या राजानं आधी उडी मारली तो हरला. म्हणजे मंडपातला तो सेक्रेटरी माझ्या लॅपटॉपमध्ये येऊन बसला होता! मी सेटिंगांची एकूण एक पानं उघडली. पटाचा रंग बदलता येत होता, सोंगट्यांचा आवाज बदलता येत होता, झेंडे लावता येत होते. नियम तेवढा बदलता येत नव्हता. मला इतकी तिडीक आली, की मी ते उडवूनच टाकलं.

दुसरं होतं नुसत्या काळ्या खिडकीचं. चित्र नाही, बटण नाही, हुकूम टाइप करायचे. ह्यात म्हणे खेळाचे वेगळे नियम फाइलमध्ये लिहून देता येत होते. मी हरखलो. प्याद्याचं एक घर पहिल्या झटक्यात जमलं. राजाची उडीही जमली, पण ती एकदाच, हे काही केल्या त्याला सांगता येईना. मग काय, राजे घोड्यासारखे पटभर उधळायला लागले. आणि बुर्जी तर त्याच्या गावीच नव्हती. मी त्यांच्या फोरमवर मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं. चार दिवसांनी एकाचं उत्तर आलं, की तुमच्या भागात नियम चुकीचे शिकवले गेले असावेत, खाली बरोबर नियमांची लिंक देत आहे. च्यायला! मी तसाच उठलो आणि कामावर निघून गेलो, डबासुद्धा घरीच विसरला.

तोवर एप्रिल लागला. एप्रिलमधलं सोलापूर म्हणजे काय ते ज्यानं सोसलंय त्यालाच ठाऊक. लॅपटॉप इतका तापायचा, की आमच्या घरातला एकुलता एक टेबलफॅन मी त्याच्याकडं वळवला. बायको म्हणाली, "अहो, माणसं हितं घामानं निथळतायत आणि वारा त्याला?" मी म्हणालो, "दोन दिवस कळ काढ." ती म्हणाली, "तुमचे दोन दिवस म्हणजे दोन महिने." त्यात दुपारी लाइट जायची. लॅपटॉपची बॅटरी जुनी, अर्ध्या तासात मान टाकायची, आणि स्पर्धा मधेच मेली की सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्या डावापासून सुरू. मी चिडून बोललो की बायको शांतपणे विचारायची, "पण ह्यातलं मामांना काय कळणाराय?" मग मी अजून चिडायचो.

तिसरं सॉफ्टवेअर म्हातारं होतं. लिहिणाऱ्यानं कधीच हात काढून घेतलेला, मदतीची पानं गायब. पण त्याचा एक गुण मला सापडला, ते स्वतः नियम तपासतच नव्हतं. ह्या इंजिनाची चाल त्याला सांगायची, त्याची ह्याला, आणि दोघं जे म्हणतील तो निकाल लिहून घ्यायचा. यार्डातल्या बघ्यासारखं नुसतं बघायचं. मी म्हणालो, देव पावला! उडी मारली, डाव चालूच. पुन्हा मारू दिली नाही. प्यादी एकेक घर. मी खुशीत स्पर्धा लावली आणि बायकोला सांगितलं, की ह्या रविवारी आप्पांना खेळायला बसवतो.

निकाल आला. बरोबरी, बरोबरी, बरोबरी. धाडसी विरुद्ध भित्री, बरोबरी. प्यादीवाली विरुद्ध धाडसी, बरोबरी. मधेच कुठंतरी एखादी मात, की पुन्हा बरोबऱ्यांची माळ. पाचीजण सारखेच चांगले किंवा सारखेच भिकार. मला खात्री, की म्हाताऱ्या सॉफ्टवेअरचं डोकं फिरलंय. मग मी ते पण सोडलं आणि डाव खेळवणारा प्रोग्रॅम स्वतःच लिहिला. कामावरून यायचं, अंघोळ करायची, बसायचं. तीन आठवडे गेले. माझ्या प्रोग्रॅममध्ये झेंडे नव्हते, आवाज नव्हता, काही नव्हतं. निकाल? बरोबरी, बरोबरी, बरोबरी. त्या दिवशी मी टेबलावर अशी मूठ हाणली, की पाण्याचा तांब्या खाली गेला. पाचच्या पाची इंजिनं एका कळीनं पुसून टाकावीत आणि आप्पांना एक रेडिओ आणून द्यावा, असं खरोखर मनात आलं.

तांब्याचा आवाज गॅलरीत गेला असणार. आप्पा दारात येऊन उभे राहिले. बायकोला विचारलं, "काय झालं ह्याला?" ती म्हणाली, "तुमच्यासाठी बुद्धिबळ करतायत मामा. तुमच्या नियमाचं. गणपतीपासून चाललंय. आता अडलंय." मी तिच्याकडं डोळे वटारले, कारण आप्पांना आधी सांगायचं नाही असं ठरलं होतं. आप्पा आले, माझ्या खुर्चीमागं उभे राहिले. पडद्यावर बारीक अक्षरांच्या ओळी सरकत होत्या. "ह्यात पट कुटं हाय?" मी म्हणालो, "पट नाही आप्पा, नुसत्या चाली आहेत." ते बायकोला म्हणाले, "वरचं काढ की गं."

तिनं स्टुलावर चढून बोर्ड काढला, कापड सोडलं. आप्पांनी स्वतः सोंगट्या मांडल्या. मी लॅपटॉप मांडीवर घेतला. आप्पा चाल करणार, मी ती इंजिनाला सांगणार, इंजिन म्हणेल ती सोंगटी मी हलवणार. गणपतीनंतर पहिल्यांदा आप्पा पटापुढं बसले होते, म्हणजे मला जे पाहिजे होतं ते माझ्या सॉफ्टवेअरशिवाय, एका तांब्यानं केलं होतं. पण मला तेव्हा ते सुचलं नाही. माझं सगळं लक्ष इंजिन कुठं चुकतंय इकडं.

इंजिन बरं खेळलं. आप्पांच्या राजानं उडी मारली, इंजिन काही म्हणालं नाही. आप्पांनी पडद्याकडं तिरकं बघितलं आणि ते जरा पुढं सरकून बसले. अर्ध्या तासात त्यांनी एक हत्ती मारला, मग उंट. डाव इंजिनाच्या हातातून चालला होता. आणि मग इंजिन म्हणालं, वजीर आप्पांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेव. मी दोनदा वाचलं. ठेवला.

आप्पा वजिराकडं बघत राहिले. घेतला नाही, दुसरीच चाल केली. इंजिन म्हणालं, घोडा दे. दिला. तो पण आप्पांनी घेतला नाही. मी म्हणालो, "आप्पा, फुकटचा वजीर आहे. घ्या की!"

"फुकटचा न्हाय. बुर्जी मागतंय त्ये."

मला एका क्षणात सगळं कळलं. हरायला लागलं की इंजिन आपलं सैन्य मुद्दाम मरायला देत होतं. सगळं मेलं, नुसता राजा उरला की बुर्जी, म्हणजे बरोबरी. मीच त्याला शिकवलं होतं, की हरण्यापेक्षा बरोबरी चांगली. आणि समोरचं इंजिन हावरटासारखं घेत सुटत होतं. शेवटची एखादी सोंगटी नाही घेतली, तर ती समोरच्या राजाला चिकटून शहावर शह देत बसायची, म्हणजे पुन्हा बरोबरीच. ह्या बरोबऱ्यांत सॉफ्टवेअरचा काही दोष नव्हता. त्या म्हाताऱ्या सॉफ्टवेअरला मी उगाच शिव्या घातल्या होत्या.

"पण मुद्दाम दिलेलं घ्यायचं नाही, असा नियम आहे का?" मी विचारलं.

"नियम कशाला लागतोय त्याला? लाज हाय की. यार्डात कुणी असं केलं तर दुसऱ्या दिशी त्याच्यासंगं कोण बसत नव्हतं."

माझा आवाज चढला. "मग हे आधी सांगायचं नाही का आप्पा? तीन महिने मी डोकं आपटतोय!"

"तू इचारलास का? उडी इचारलीस, प्यादं इचारलंस." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आन तुला तर ठावंच हाय की. तू ह्येच करत हुतास."

"मी?"

"चौथीत हुतास. डाव हातातनं गेला की हत्ती द्यायचास, वजीर द्यायचास, आन बुर्जी झाली म्हणून आईला सांगत पळायचास. आप्पांना जिंकू दिलं न्हाय म्हणून."

ते खरं होतं. मी ते अजून सांगतो. कारखान्यात सांगितलंय, सासरवाडीत सांगितलंय, की माझ्या वडिलांना यार्डात कोणी हरवू शकत नव्हतं, पण मी लहानपणी त्यांच्याशी बरोबरी करायचो. मी म्हणालो, "पण तुम्ही तर घ्यायचात. मी दिलेलं सगळं घ्यायचात."

"घ्यायचो की."

"का? लाज होती ना?"

आप्पांनी एक मेलेला उंट उचलून बोटात फिरवला. "मात केली की तू रडत उठायचास. दोन-दोन दिस पटाला शिवत न्हवतास. म्हणून घ्यायचो. यार्डातली समदी हसायची मला, की तोलार पोराचं उष्टं खातोय." आणि लॅपटॉपकडं मान करून म्हणाले, "ह्याचं कशाला घिऊ? ह्याला कुटं राग येतोय."

  एवढ्या लोकांचं हसू ह्या माणसानं माझ्यासाठी झेललं होतं, आणि मंडपात चार लोक हसले तर मला त्यांची एक उडी झेलता आली नव्हती. मी म्हणालो, "आप्पा, मंडपात माझं चुकलं."

ते म्हणाले, "चाल कुणाची हाय?"

मी लॅपटॉप मिटला, बाजूला ठेवला आणि इंजिनाच्या हरलेल्या डावात त्याच्या जागी बसलो. वजीर प्याद्याच्या तोंडून काढून मागं घेतला. आप्पांनी मला जराही सूट दिली नाही. सातव्या चालीला माझ्या राजाला जायला घर उरलं नाही.

"मात," आप्पा म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले, मी उठतोय का ते. मी उठलो नाही.